मिल्क रिव्हरकाठचा ओरखडा

माझ्या लेकीचं काम मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती. तोवर मला माहीत होतं ते एवढंच: ती केमिस्ट्री शिकली, मग जुन्या वस्तू जतन करण्याचं शास्त्र शिकली, आणि गेले काही उन्हाळे ती अल्बर्टाच्या अगदी दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेलगत, मिल्क रिव्हर नावाच्या नदीकाठी दगडांवरची चित्रं सांभाळते. आम्ही दोघं राहतो टोरांटोजवळच्या मिल्टनला. मी नॉर्थ यॉर्कच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाले आणि आमचे हे वॉनमधल्या एका पॅकेजिंग कारखान्यातून. तिथून अल्बर्टा म्हणजे विमानाचा प्रवास, वर गाडीचा. दर उन्हाळ्यात जाऊ जाऊ म्हणायचो आणि राहून जायचं.

त्या वर्षी जूनमध्ये तिचाच फोन आला. "आई, या सीझनला साइट माझ्याकडे आहे. आय अॅम द लीड. यू गाइज शुड कम." एवढंच म्हणून ती थांबली. आमची लेक स्वतःहून कधी काही मागत नाही. मी फोन खाली ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "तिकिटं बघा."

कॅलगरीला उतरून रेंटल गाडी घेतली. तिथून खाली जाताना तासन्‌तास सपाट शेतं, मध्येच एखादी गव्हाची कोठी, आणि डोक्यावर नुसतं आभाळ. हे म्हणाले, "इथं चित्रं काढायला दगड तरी कुठून आणले असतील?" मलाही तोच प्रश्न पडला होता. आणि मग एका वळणावर जमीन एकदम खचल्यासारखी खाली गेली. खाली दरी, दरीत नदीची बारीक वळणावळणाची रेघ, आणि दोन्ही काठांना पिवळट दगडांची गर्दी. वाऱ्यापाण्यानं झिजून झिजून त्यांचे खांब झाले होते, आणि प्रत्येक खांबावर एक जाड चपटा दगड. पावसाळ्यात वारुळावर उगवतात तशा अळंब्या, पण माणसापेक्षा उंच. तिथले लोक त्यांना हूडू म्हणतात. ऊन असं की गाडीचं दार उघडल्यावर मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. पायाखाली काटेरी निवडुंग, राखाडी वासाची झुडपं, आणि वाटेच्या तोंडाशी सापांपासून सावध राहा म्हणून पाटी. कॅनडात मी इतकी वर्षं बर्फ शोव्हल करत काढली. या देशात असलं वाळवंट आहे हे कुणी सांगून मला पटलं नसतं.

लेक गेटपाशी उभी होती. डोक्यावर मोठी हॅट, पायात धुळीनं भरलेले बूट, आणि रंग असा रापलेला की माझ्या माहेरच्या माणसांत सहज खपून गेली असती. तिनं पाणी दिलं, दोघांच्या हॅट तपासल्या आणि ह्यांची नापास केली. "बाबा, दॅट्स अ गोल्फ कॅप. कान भाजतील." मग स्वतःच्या गाडीतून दुसरी काढून त्यांच्या डोक्यावर घातली. ह्यांनी निमूट घालून घेतली. घरी मी सांगितलं असतं तर वाद झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला चित्रं दाखवायला घेऊन गेली. चित्रांच्या भागात कुणालाही एकट्यानं जाता येत नाही. ब्लॅकफूट या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कुणीतरी सोबत असावं लागतं, कारण ती जागा त्यांची आहे, त्यांच्या श्रद्धेची आहे. त्या दिवशी सोबतीला होत्या सत्तरीपुढच्या एक बाई. पांढऱ्या केसांची लांब वेणी, हातात काठी, आणि चाल आमच्यापेक्षा तुरतुरीत. लेक त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणत होती आणि त्यांच्या पुढे पाऊल टाकत नव्हती. हे वळण तिला मी लावलं की त्या जागेनं, कोण जाणे. मी मनातल्या मनात त्यांना आजीबाई म्हणायला लागले.

आमच्याबरोबर आणखी पाचसहा जण होते. त्यांत मोठ्या पोटाचा, हसऱ्या चेहऱ्याचा एक गृहस्थ होता. घरं बांधण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला, आणि सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या विचारत फिरणारा.

आजीबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "हात लावायचा नाही. टेकायचंही नाही. हे दगड म्हणजे नुसते दगड नाहीत, यांच्यात कुणीतरी राहतं. आपण यांच्याकडे आलोय, हे आपल्याकडे आलेले नाहीत." मग काठीनं दक्षिणेकडे दाखवलं. लांब, सीमेपलीकडे, निळसर डोंगरांचे तीन उंचवटे दिसत होते. त्या डोंगरांकडे तोंड करून त्यांच्या वाडवडिलांपैकी कितीतरी जण इथं उपाशी बसले, स्वप्नात काही दिसेल म्हणून वाट बघत. दिसलेलं दगडावर काढून ठेवलं. काही चित्रं माणसांनी काढली, काही माणसांनी नाहीच काढली, असं त्या म्हणाल्या. ब्लॅकफूट भाषेत त्या जागेचं जे नाव आहे त्याचा अर्थही तोच, इथं चितारलेलं आहे.

कड्याच्या पायथ्याशी चित्रं दिसू लागली. गोल ढालीमागे लपलेली माणसं, ढालीच्या वर फक्त डोकं आणि खाली दोन पाय. बारीक रेघांचे घोडे. कुठे गेरूचा लाल ठिपका. मला वाटलं होतं मोठी, ठळक असतील. ती हाताच्या पंजाएवढी होती आणि बघत राहिल्याशिवाय दिसतच नव्हती. लेक माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "आई, उन्हाकडे पाठ कर. आता बघ." आणि खरंच, तिरप्या उजेडात एक अख्खा घोडा दगडातून वर आला.

पुढच्या वळणावर आजीबाई थांबल्या. इतक्या अचानक की मागचा माणूस माझ्यावर आदळायचा राहिला.

समोर कड्यावर ढालवाल्या माणसाचं एक मोठं चित्र होतं. त्याच्या पायांमधून दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, मध्ये अधिकाचं चिन्ह. जुनं नव्हतं ते. खरवडलेला भाग आतून फिकट, ताजा दिसत होता, आणि खाली जमिनीवर पिवळ्या वाळूची बारीक चिमूट पडलेली होती. कुणीतरी आदल्या एकदोन दिवसांत नजर चुकवून आत शिरलं होतं.

आजीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. मी लेकीकडे पाहिलं. तिचा जबडा आवळला गेला होता. लहानपणी शाळेत कुणी मारलं तर घरी येऊन ती असाच चेहरा करायची आणि मग जिन्यात बसून रडायची.

पहिला बोलला तो घरं बांधणारा गृहस्थ. मनापासून म्हणाला, "माझ्या ट्रकमध्ये वायर ब्रश आहे. दहा मिनिटांत साफ करून देतो."

आणि दुसरे बोलले आमचे हे. आयुष्यभर मशिनांमध्ये घालवलेला माणूस, गप्प कसा बसणार? "ब्रश नको. इपॉक्सीचा गम भरा. रंग मॅच करून मिळतो हल्ली. वीस वर्षं काही होणार नाही."

मी त्यांच्या दंडाला हात लावला, पण तोवर लेक वळली होती. मला वाटलं, आता चारचौघांत बापाला काहीतरी तोडून बोलेल. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, नाही." मराठीतच. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगू लागली. हा दगड म्हणजे घट्ट दाबलेली वाळूच आहे, नखानंही निघते. ब्रश फिरवला तर अक्षरं जातील आणि त्यांच्याबरोबर चित्रही जाईल. इपॉक्सी भरलं तर ते दगडापेक्षा कठीण. पाऊस, बर्फ, ऊन, वारा यांनी आजूबाजूचा दगड दरवर्षी थोडा थोडा झिजत राहील आणि इपॉक्सी जागच्या जागी. काही वर्षांनी दगड आत जाईल आणि ती दोन अक्षरं उठावदार होऊन बाहेर येतील. "जे भरायचं ते दगडापेक्षा कच्चं हवं. झिजायचंच तर आधी त्यानं झिजावं."

ह्यांनी वाकून त्या ओरखड्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बरोबर आहे तिचं. माझ्या लक्षात यायला हवं होतं." या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी संसारात फार वेळा ऐकलेलं नाही.

तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये हत्यारं होती हे मला माहीत होतं. सकाळी तिनं ती माझ्यासमोर भरली होती. पण तिनं सॅक उघडली नाही. ती आजीबाईंच्या समोर गेली, हॅट काढली आणि विचारलं, "याचं काय करावं असं तुम्हाला वाटतं? बुजवू, की असंच राहू द्यायचं?"

आजीबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मी एकटी सांगू शकत नाही. बाकीच्या जाणत्यांना विचारावं लागेल."

"मी थांबते," लेक म्हणाली. "कितीही दिवस लागले तरी."

आजीबाईंनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढली, दगडाच्या पायथ्याशी ठेवली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. मग आमच्याकडे वळल्या. "माझ्या लहानपणापासून इथं शिकलेली माणसं येतायत," त्या म्हणाल्या. "कुणी मोजलं, कुणी फोटो काढले, कुणी तुकडे घेऊन गेले. चांगलीही होती त्यांत. पण ही मुलगी आधी विचारते. नाही म्हटलं तर राग धरत नाही. म्हणून आम्हीच सांगितलं, या वर्षी काम हिच्याकडे द्या."

लेक बुटाच्या टोकाकडे बघत उभी होती. तिनं आम्हाला फोनवर एवढंच सांगितलं होतं, लीड आहे म्हणून. कुणी केलं, का केलं, यातलं एक अक्षर नाही. मी हॅट नीट करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर एका खांबाच्या सावलीत सगळे बसले. आजीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

इंडिया म्हटलं की लोकांचं समाधान होतं, म्हणून मी तेवढंच म्हणते. पण त्यांना ते पुरलं नाही. "इंडियात कुठे?"

मग मी सांगितलं. कोकण, राजापूरच्या बाजूला, समुद्रापासून वर चढून गेलं की सडा लागतो. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, सावली नाही, उन्हाळ्यात पाय भाजतात. त्या कातळावरही चित्रं कोरलेली आहेत. मासे, हत्ती, पाय फाकवून उभी असलेली माणसं. आमच्यापेक्षा कितीतरी मोठी. आम्ही पोरं गुरांमागे तिथून जायचो. माझे वडील फार देवभोळे नव्हते, पण त्या चित्रांवर पाय पडलेला त्यांना चालायचा नाही. आम्ही चपला हातात घेऊन वळसा घालायचो.

"कुणी काढली ती?" आजीबाईंनी विचारलं.

"कुणालाच ठाऊक नाही. आमच्या गावात सांगायचे, पांडवांनी एका रात्रीत काढली. पांडव म्हणजे आमच्या जुन्या कथेतले पाच भाऊ."

त्या गालात हसल्या. "एका रात्रीत. हो, असं घडतं."

थट्टेचा सूर नव्हता त्यात. मी इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाला सांगितली, तर समोरच्यानं कौतुकानं मान हलवून पुढचा विषय काढलेला. इथं एक बाई त्या पाच भावांच्या रात्रीच्या कामाबद्दल माझ्याकडून नीट ऐकून घेत होती, मासा केवढा होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे विचारत होती.

लेक समोर पाण्याची बाटली धरून उभी. "आई," ती म्हणाली, "तुमच्या गावाला पेट्रोग्लिफ्स आहेत?"

"त्याला तसलं काही म्हणतात ते मला काय माहीत? आम्ही चित्रं म्हणायचो."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"तू कधी विचारलंस? तू गावाला यायचीस ती मे महिन्यात, आंबे खायला."

आजीबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, या मुलीला दगडाशी वागायचं कुणी शिकवलं असेल? आता कळलं."

मला म्हणायचं होतं की मी काही शिकवलेलं नाही, ती आपली आपणच शिकली. पण मी ते बोलले नाही. त्यांनी दिलेला मान मी जवळ ठेवून घेतला.

आमचा मुक्काम संपत आला तेव्हा निरोप आला. जाणत्यांनी होकार दिला होता. चित्र दुखावलेलं आहे, ते बरं करावं, असा त्यांचा निरोप होता. लेकीनं आम्हाला बजावलं, यायचं तर यायचं, पण लांब बसायचं, बोलायचं नाही, आणि बाबांनी काही सुचवायचं नाही.

सकाळी ऊन कड्यावर यायच्या आधी तिनं काम सुरू केलं. आजीबाई आणि त्यांच्यातले दोन वयस्कर पुरुष एका बाजूला घडीच्या खुर्च्यांवर बसले, आम्ही दुसऱ्या बाजूला. लेकीनं आधी कड्याच्या पायथ्याची सुटी वाळू बारीक चाळणीतून चाळली, पुन्हा चाळली. त्यात कसलंसं द्रव्य थेंब थेंब घालून चमच्याच्या टोकावर मळली. मी लॅबमध्ये जन्म काढला. हात स्थिर आहे की नाही ते मला मनगटावरून कळतं. तिचं मनगट दगडाच्या इतकं जवळ होतं, पण एकदाही टेकलं नाही. ती ओरखड्यात पाण्याचा फवारा सोडायची, थांबायची, मोहरीएवढा लगदा सुईसारख्या हत्यारानं आत बसवायची, पुन्हा थांबायची. मग चार केसांच्या ब्रशनं त्यावर कोरडी वाळू पाखडायची.

ही तीच मुलगी, जिला मराठी शाळेत बेसमेंटच्या वर्गात एक पान शुद्धलेखन लिहायला बसवलं की तीनदा वॉशरूमला जावं लागायचं.

पहिल्या सकाळी एक अक्षर झालं. दुसऱ्या सकाळी दुसरं. उन्हं कड्यावर आली की ती थांबायची, कारण उन्हात लगदा लवकर सुकून तडकतो. तिसऱ्या सकाळी मधलं चिन्ह बुजवून झाल्यावर ती मागे सरकली आणि आजीबाईंना म्हणाली, "बघता का?"

त्या उठून दगडापाशी गेल्या. जवळून पाहिलं, बाजूनं पाहिलं, चार पावलं मागे येऊन पाहिलं. ते दोघं पुरुषही आले. आपसांत काही बोलले. मग आजीबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत तिला एका शब्दानं हाक मारली. लेकीचा चेहरा लाल झाला.

मी नंतर तिला अर्थ विचारला, तर म्हणाली, "इट्स नथिंग, आई." म्हणून मी सरळ आजीबाईंनाच विचारलं.

"आमच्यात आपल्या मुलीला अशी हाक मारतात," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर क्षणभर मला टोचलं. माझ्या लेकीला माझ्यादेखत दुसऱ्या कुणी लेक म्हणावं. पण लगेच मला हसू आलं. एकाच आईच्या ओटीत मावेल एवढी ती आता राहिली नव्हती, आणि हे माझ्या ध्यानात यायला मला अर्धा देश ओलांडून यावं लागलं. मी आजीबाईंना नमस्कार केला. त्यांनी माझे जोडलेले हात तसेच आपल्या दोन्ही हातांत धरले आणि जरा वेळ धरून ठेवले.

आम्ही निघणार त्या दिवशी लेक शेवटचं एकदा काम तपासायला गेली आणि आम्हीही गेलो. तेवढ्यात पाहुण्यांचा नवा गट आला. आजीबाईंनी त्यांना ढालवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. ओरखड्याबद्दल काही सांगितलं नाही. माणसं वाकून वाकून बघत होती. ढाल बघत होती, डोकं बघत होती, पाय बघत होती. कुणाचीही नजर कुठे अडखळली नाही. लेक बाजूला, हॅट पुढे ओढून, बूट तपासत असल्यासारखी खाली बघत उभी. हे तिच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून, तोंड घट्ट मिटून. सांगायचं असूनही न सांगणं त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

मलाच राहवलं नाही. माझ्या शेजारी एक तरुण बाई कॅमेरा घेऊन उभी होती. मी लेकीकडे बोट दाखवून तिला म्हटलं, "शी इज माय डॉटर."

त्या बाईनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ओह, दॅट्स लव्हली," असं म्हणाली, आणि ढालवाल्या माणसाचा फोटो काढून पुढे गेली.